संध्याकाळी ऐकायचा एकच जॅझ अल्बम निवडायचा तर? माझं मत: 'एला अँड लुई' (१९५६)

केदार_स (धागाकर्ता)

मंडळी, जॅझ कुठून सुरू करावं अशी विचारणा इथे अधूनमधून होते. उत्तरादाखल बहुतेक वेळा वाद्यसंगीताच्या लांबलचक याद्या येतात. नवा माणूस त्यातलं काहीतरी लावतो, सूर कुठून निघाला आणि कुठे चालला हे कळायच्या आत वैतागतो आणि 'आपला प्रांत नव्हे' म्हणून मोकळा होतो. मला याचं वाईट वाटतं. ख्याल, नाट्यपद, भावगीत ऐकून तयार झालेल्या कानाने जॅझकडे गळ्याच्या वाटेने जावं, असं माझं ठाम मत आहे. आणि त्या वाटेवर पहिला मुक्काम एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'एला अँड लुई'चा असावा.

१६ ऑगस्ट १९५६ रोजी हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. अकरा गाणी, सगळी त्याआधीच लोकांच्या ओठांवर असलेली, म्हणजे ज्यांना जॅझवाले 'स्टँडर्ड' म्हणतात तशी. साथीला चौघेच: पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारवर हर्ब एलिस, बासवर रे ब्राउन, ड्रम्सवर बडी रिच. व्हायोलिनांचा ताफा नाही, मोठा बँड नाही. एला ३९ वर्षांची, लुई ५५ वर्षांचा. तिचा आवाज स्वच्छ, गोल, प्रत्येक अक्षर सुटं. त्याचा खरखरीत, बोलल्यासारखा. दोघांनी एकमेकांना इतकी जागा दिली आहे की अल्बमभर कुणी कुणावर कुरघोडी करताना सापडत नाही.

मी हा दिवेलागणीनंतर लावतो, आणि लावला की दुसरं काही करत नाही. तर प्रश्न असा: तुमच्यापैकी कुणी हा ऐकला आहे का? तुमच्यासाठी संध्याकाळचा अल्बम कोणता? आणि यानंतर काय ऐकावं?

साबुदाणा

वाचनखूण साठवली. आज खिचडीसोबत लावतो.

मृण्मयी

केदार, मुद्दा पटला. 'स्टँडर्ड' म्हणजे काय ते जरा विस्ताराने लिहायला हवं होतंस, म्हणून मीच लिहिते.

ही गाणी मुळात जॅझची नव्हेत. बहुतेक न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतली किंवा हॉलिवूडच्या चित्रपटांतली. याच अल्बममधलं 'चीक टू चीक' आणि 'इझन्ट धिस अ लव्हली डे' ही दोन्ही अर्व्हिंग बर्लिनची, १९३५ च्या 'टॉप हॅट' चित्रपटातली. 'अ फॉगी डे' आणि 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' ही जॉर्ज आणि आयरा गर्श्विन या भावांची, १९३७ च्या चित्रपटांतली. जॉर्ज त्याच वर्षी गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. 'एप्रिल इन पॅरिस' १९३२ च्या ब्रॉडवेवरच्या नाटकातलं.

नाटक उतरलं, चित्रपट जुना झाला, पण पदं उरली आणि गवयांनी ती उचलली. आपल्याकडे संगीत नाटकातली पदं मैफिलीत आली आणि ज्याने त्याने आपल्या घराण्याच्या अंगाने ती फुलवली, तसंच. त्यामुळे मराठी माणसाला 'एकच गाणं पन्नास जणांनी का गायलं' हा प्रश्न पडायलाच नको. तिथे श्रोता चाल ऐकायला येत नाही, ती पाठच असते. या गवयाने त्या चालीचं काय केलं, हे ऐकायला तो आलेला असतो.

विहंग

मी प्रामाणिक मत देतो. एलाबद्दल वादच नाही. पण ती एवढी सुरेल ओळ गाते आणि पाठोपाठ तो घोगरा आवाज येतो, तिथे माझी तंद्री मोडते. दोन-तीनदा प्रयत्न केला. मला एलाचाच स्वतंत्र अल्बम सुचवा.

ठेका

विहंग, तुझ्यासारखं म्हणणारे बरेच भेटतात, म्हणून जरा सविस्तर.

लुईचा आवाज गोड आहे की नाही, हे बाजूला ठेव. तो शब्द कुठे टाकतो ते बघ. ओळ जिथे सुरू व्हायला हवी तिथे तो सुरू करत नाही. किंचित थांबतो, मग दोन शब्द एकदम टाकतो, शेवटचा शब्द जवळजवळ गिळतो आणि तरी ठोक्यावर बरोब्बर येऊन बसतो. समेला न अडखळता येणारा गवई आपल्याला आवडतो ना? हे तेच कसब आहे. तो मुळात ट्रम्पेटवाला. गाताना तो ट्रम्पेटची वाक्यं गळ्यातून काढतो आणि ट्रम्पेट वाजवताना गातो.

त्याच्याआधी लोकप्रिय गाणी बहुतांशी कागदावर लिहिल्याप्रमाणे, ठोक्याला चिकटून गायली जायची. शब्द ठोक्याच्या मागेपुढे झुलवायची मोकळीक पुढच्या पिढीला दिली ती प्रामुख्याने या माणसाने. गायिका बिली हॉलिडेने आपल्यावर बेसी स्मिथ आणि लुई या दोघांचा प्रभाव असल्याचं स्वतः सांगितलं आहे. खुद्द एलाही त्याच्याच वाटेने आली. १९२६ च्या 'हीबी जीबीज'मध्ये त्याने शब्द सोडून नुसत्या निरर्थक अक्षरांवर गायलेला भाग गाजला आणि स्कॅट हा प्रकार घरोघरी पोचला. तीस वर्षांनी त्या प्रकाराची सम्राज्ञी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसली आहे. हे डोक्यात ठेवून पुन्हा ऐक.

विहंग

ट्रम्पेटबद्दलचं पटलं. पुन्हा ऐकेन, पण एलाच्या अल्बमची सूचना हवीच आहे. :)

परशुरामकाका

ठेका यांनी छान लिहिलं आहे. मी सोलापूरचा. आमच्याकडे हे संगीत पोचलं ते शॉर्टवेव्हवरून. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. १९५५ मध्ये तो सुरू झाला, मी ऐकायला लागलो तो बराच नंतर, कॉलेजात असताना. माणूस इतकं संथ आणि स्पष्ट इंग्रजी बोलायचा की मराठी माध्यमातल्या मुलालाही वादकांची नावं टिपून घेता यायची. आवाज मधूनच लाटेसारखा वर यायचा, मधूनच बुडायचा. एला आणि लुईचं गाणं मी पहिल्यांदा असंच, अर्धं खरखरीत ऐकलं. पुढे नोकरीनिमित्त मुंबईला आलो तेव्हा काळा घोड्याच्या 'रिदम हाउस'मधून या अल्बमची कॅसेट घेतली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. कॅसेट अजून आहे.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की मागे बास एवढा वाजतो! शॉर्टवेव्हवर तो कधी पोचलाच नव्हता. केदार, नव्या लोकांना एवढंच सांगा की मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. रे ब्राउन ऐकू आला नाही तर अर्धी मैफल गेली.

अनघा दि.

अवांतर: तो रे ब्राउन म्हणजे एलाचा पूर्वाश्रमीचा नवरा ना?

ठेका

हो. १९४७ मध्ये लग्न, १९५३ मध्ये घटस्फोट. त्यानंतर तीन वर्षांनी हा अल्बम. आणि ऐकून सांगा, कुठे अवघडलेपण जाणवतं का! तिच्या प्रत्येक ओळीखाली तो किती भक्कम उभा आहे.

साबुदाणा

माझ्या लग्नातला बँडवाला अजून माझ्याशी बोलत नाही, इथे लोक घटस्फोटानंतर अल्बम काढतात. मोठी माणसं!

गोंयकार

म्हापशाहून नमस्कार. लुईचं नाव निघालं आणि चिक चॉकलेटचं निघालं नाही, हे बरोबर नाही. :)

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईत 'चिक चॉकलेट' नावाने ट्रम्पेट वाजवायचा, गायचा, आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. लुईच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून त्याने ती ढब आत्मसात केली होती. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तीच मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गेली. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. चिकने सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलं, १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा हात आहे. म्हणजे पुणतांब्याचे चितळकर आणि हळदोण्याचे वाझ यांनी मिळून लुईचा झुलता ठोका घराघरात नेला, आणि ऐकणाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. तुमच्या आजोबांनी 'अलबेला'तल्या गाण्यावर पाय ठोकला असेल तर जॅझ तुमच्या घरी आधीच येऊन गेलेलं आहे.

स्वतः लुई १९६४ मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेला.

मृण्मयी

गोंयकार, सुंदर प्रतिसाद. यावर स्वतंत्र धागा काढाच.

कट्टेकरी

सगळं ठीक आहे, पण मला हे कॅफेतलं संगीत वाटतं. कॉफी पिताना मागे चालू असतं ते. छान वाटतं, त्रास होत नाही. त्यात बसून ऐकण्यासारखं एवढं काय आहे?

केदार_स

कट्टेकरी, कॅफेवाले हे लावतात यात अल्बमचा दोष नाही. एकच गाणं लक्ष देऊन ऐका: 'मूनलाइट इन व्हरमाँट'. त्याच्या शब्दांत यमक नाही. इंग्रजी गाण्यात ही फार दुर्मीळ गोष्ट. मुख्य कडव्यांच्या ओळी पाच, सात, पाच अशा अक्षरांच्या आहेत, म्हणजे सरळ हायकूच. शिरीष पै यांच्यामुळे मराठी वाचकाला हा आकृतिबंध नवा नाही. गाण्यात प्रेमाची कबुली जवळजवळ नाहीच. ओढ्यात पडलेली नाणी, गळलेली पानं, टेलिग्राफच्या तारा, डोंगरउतारावरच्या स्कीच्या वाटा, एवढंच. यमकाचा आधार नसताना ओळ संपल्याचं श्रोत्याला कसं कळणार? ते एला नुसत्या श्वासाने कळवते. तिने शेवटचा स्वर कुठे सोडला आहे तेवढं पाहा. आणि त्याच शांततेत ट्रम्पेट येतो तेव्हा लुई एकही जास्तीचा स्वर वाजवत नाही.

दुसरी गोष्ट, बडी रिच. हा माणूस वेगासाठी आणि गडगडाटासाठी प्रसिद्ध. इथे तो इतका हलका हात ठेवतो की नाव वाचल्याशिवाय ओळखू येऊ नये. पीटरसनचंही तेच, दहा बोटांनी सगळा अवकाश भरून टाकू शकणारा हा वादक इथे एका ओळीच्या शेवटी दोन-चार स्वर ठेवून गप्प बसतो. ज्यांना सगळं येतं त्यांनी मुद्दाम थोडंच करणं, हे मागे चालू ठेवून ऐकण्याचं संगीत नव्हे.

कट्टेकरी

हायकूचं माहीत नव्हतं. ऐकतो.

ठेका

कट्टेकरी, ऐकताना एक युक्ती. यातली बरीचशी गाणी चार-चार मात्रांच्या ३२ खंडांची असतात. आठ-आठ खंडांचे चार भाग: पहिला, पुन्हा तोच, मग तिसरा वेगळा, आणि परत पहिला. तिसरा म्हणजे आपला अंतरा समजा, स्वर सहसा वेगळ्या मुलखात जातात, आणि मग मुखड्यावर परत. हे एक मोठं आवर्तन. गाणं संपलं आणि वाद्य सुरू झालं तरी खाली हेच आवर्तन फिरत असतं. बोटांवर मोजत राहा, म्हणजे लुईचा ट्रम्पेट चालू असताना 'आता आपण अंतऱ्यावर आलो' हे कळतं. ज्या दिवशी ते कळतं त्या दिवसापासून जॅझ विस्कळीत वाटत नाही.

'चीक टू चीक' मात्र या मापात बसत नाही, ते तब्बल ७२ खंडांचं आहे. मोजताना घाबरू नका.

न्यूजर्सीकर

उशिरा आलो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये करोना नावाच्या भागात लुईचं घर आहे. १९४३ पासून १९७१ मध्ये जाईपर्यंत तो आणि त्याची बायको लुसील तिथेच राहिले. आता ते संग्रहालय आहे. आईबाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. जगभर नाव झालेला माणूस, पण घर साध्या कष्टकरी वस्तीतलं, शेजारच्या घरांसारखंच. स्वयंपाकघर मात्र चकचकीत निळं, आईला ते फार आवडलं. त्याच्या अभ्यासिकेत टेपरेकॉर्डर आहेत. घरातल्या गप्पा, विनोद, रेकॉर्डसोबत स्वतःचं वाजवणं असं सगळं तो टेपवर साठवायचा आणि टेपच्या खोक्यांवर कात्रणं चिकटवून सजवायचा. खोलीत उभं राहून त्याचा बोलतानाचा आवाज ऐकवतात.

विहंग, तो आवाज तिथे ऐकला की कळतं, गातानाचा आणि बोलतानाचा माणूस वेगळा नव्हता.

निशिगंध

अल्बमच्या मुखपृष्ठाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? फिल स्टर्नने काढलेला फोटो. दोघं साध्या घडीच्या खुर्च्यांवर शेजारी बसलेली, एला साध्या उन्हाळी पोशाखात, लुईचे मोजे खाली गुंडाळलेले. त्या काळात गायिकांच्या अल्बमवर झगमगाट असायचा. ऑगस्टमधल्या उकाड्यात काम करायला आलेली दोन माणसं, बस्स. मला तो फोटो बघूनच ऐकावंसं वाटलं होतं.

परशुरामकाका

फोटोत दिसतो तो मोकळेपणा त्यांना बाहेर मिळत नव्हता, हेही नव्या पिढीने लक्षात घ्यावं. निर्माता नॉर्मन ग्रँझ आपल्या कार्यक्रमांना काळे-गोरे प्रेक्षक वेगळे बसवू देत नसे. ऑक्टोबर १९५५ मध्ये ह्यूस्टनला त्याने असाच कार्यक्रम लावला, तर पोलिस थेट एलाच्या खोलीत शिरले आणि फासे खेळल्याच्या आरोपाखाली तिला, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला आणि इतरांना ठाण्यावर नेलं. तिथल्या एकाने तिची सहीही मागितली. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्यानंतर वर्षभराच्या आत हा अल्बम झाला.

लुईला काही जण नुसता हसवणारा कलाकार समजतात. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं तेव्हा त्याने थेट अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर टीका केली आणि सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा नाकारला. त्या काळात असं बोलणं सोपं नव्हतं.

मृण्मयी

काका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

ठेका

मूळ प्रश्नाकडे येतो. केदार, मला 'एला अँड लुई' प्रिय आहे, पण संध्याकाळचा एकच निवडायचा तर मी 'जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन' (१९६३) म्हणेन. सहाच गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. हार्टमनचा आवाज खर्जातला, भारदस्त, आणि कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन त्याच्याशी हळू आवाजात बोलतो. 'एला अँड लुई'त हसू खेळतं, इथे ते नाही. दिवस मावळताना मला हेच जास्त जवळचं वाटतं.

निशिगंध

आणि सिनात्राचा 'इन द वी स्मॉल अवर्स' (१९५५)?

ठेका

तो मध्यरात्रीनंतरचा. नावातच लिहिलं आहे. :)

केदार_स

ठेका, हार्टमन मलाही आवडतो. पण नव्या श्रोत्याला आधी ते हसूच हवं, असं मी अजूनही म्हणेन. उदास संगीत चांगलं असतं हे लोकांना पटलेलंच असतं. आनंदी संगीतही इतकं खोल असू शकतं, हे 'एला अँड लुई'तून कळतं. 'इझन्ट धिस अ लव्हली डे' घ्या. चित्रपटात धो धो पाऊस, बागेतल्या छपराखाली दोघं अडकलेली, वर गडगडाट. आणि गाणं म्हणतं, किती छान दिवस आहे. एला गाण्याची प्रस्तावना अगदी सावकाश गाते, आणि मग ठेका पायाखाली येतो तेव्हा अंगावर काटा येतो. आपल्याकडे जुलैतल्या संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून हे ऐकून बघा.

अनघा दि.

काल ऐकला. स्पीकरवर, काकांनी सांगितलं तसा, दिवे लावून झाल्यावर. सासूबाईही येऊन बसल्या. त्या बालगंधर्वांची पदं ऐकणाऱ्या, इंग्रजी गाणं कधी ऐकलेलं नाही. 'स्टार्स फेल ऑन अलाबामा' संपल्यावर म्हणाल्या, "तो बाबा तिला किती सांभाळून घेतो." शब्द कळत नसताना हे त्यांना कळलं.

त्या गाण्यामागची गोष्ट शोधली तर कळलं की १८३३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत खरोखरच प्रचंड उल्कावर्षाव झाला होता, अलाबामात तो लोकांच्या आठवणीत राहिला, आणि त्यावरून जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३४ मध्ये हे गाणं झालं. मला सगळ्यात आवडलेलं हेच.

विहंग

मीही पुन्हा ऐकला. 'चीक टू चीक'मध्ये तो सुरुवात करतो, आणि तो झाल्यावर एला येते तेव्हा तिचा आवाज जास्त उजळ वाटतो. तो आधी गायला नसता तर तसा वाटला नसता, हे मान्य. संपूर्ण अल्बम अजून माझा झालेला नाही, पण ही दोन-तीन गाणी झाली.

आता सूचना द्या.

मृण्मयी

विहंग, तुझ्यासाठी: 'टेक लव्ह ईझी' (१९७३). एला आणि गिटारवर जो पास, दोघंच. वयामुळे आवाज थोडा उतरलेला आहे, पण इतक्या जवळून ती इतरत्र क्वचितच ऐकू येते. त्यानंतर गायिका सारा व्हॉनचा ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनसोबतचा १९५४ चा अल्बम. आणि एला-लुईचाच पुढचा भाग, 'एला अँड लुई अगेन' (१९५७), तिथे ड्रम्सवर लुई बेल्सन आहे आणि काही गाणी दोघांनी एकेकट्याने गायली आहेत.

अनघा दि.

बिली हॉलिडे कुठून सुरू करू? 'लेडी इन सॅटिन' समोर दिसतोय.

ठेका

तो नको, निदान आधी नको. तो १९५८ चा, तिच्या शेवटच्या वर्षांतला, आवाज पार थकलेला. आधी १९३० च्या दशकातली पियानोवादक टेडी विल्सनबरोबरची ध्वनिमुद्रणं ऐका, लेस्टर यंगचा सॅक्सोफोन असलेली. ती तरुण बिली कानात बसल्यावर मग 'लेडी इन सॅटिन'. आणि सासूबाईंना सोबत घ्या, त्यांचं मत वाचायला आवडेल.